फ्लाइंग, स्पेस आणि इंटेलिजन्स : एअर फोर्समधलं असं करिअर घडवायचं कसं

विमान उडवायचंय, पुढेमागे स्पेसचं काम करायचंय आणि इंटेलिजन्सचीही ओढ आहे, तर नेमका कुठला फॉर्म भरू, हा प्रश्न अकरावी-बारावीतली आणि इंजिनिअरिंगची मुलं सारखी विचारतात, एअर फोर्सचे शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर जाऊन आल्यापासून तर फारच. सरळ उत्तर असं की या तिन्हीचा मिळून एक फॉर्म नाही. तुम्ही आधी ऑफिसर होता, एक ब्रँच मिळते, त्या ब्रँचमध्ये आठ-दहा वर्षं मान खाली घालून काम करता आणि मग त्या कामाच्या जोरावर पुढची दारं उघडतात. शुक्ला जून २००६ मध्ये फायटर पायलट म्हणून कमिशन झाले आणि २५ जून २०२५ ला रॉकेटमध्ये बसले, म्हणजे मध्ये एकोणीस वर्षं गेली. तेव्हा हे सगळं लिहितोय ते वीस वर्षांचा हिशोब डोक्यात ठेवून, एका परीक्षेचा नाही.

पहिलं पाऊल म्हणजे गणित आणि फिजिक्स. बारावीला हे दोन विषय नसतील तर फ्लाइंगचा रस्ता तिथंच बंद होतो, मग पुढे डिग्री कितीही भारी असो. अकरावीला कॉलेजचा फॉर्म भरताना बायोलॉजी घेऊन गणित सोडणारी मुलं असतात, त्यांच्या घरच्यांना मी हेच सांगतो की मुलाच्या मनात विमान असेल तर गणित सोडू देऊ नका. नंतर एएफकॅटला, म्हणजे ग्रॅज्युएशननंतरच्या एअर फोर्सच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेला, गेलात तरी बारावीच्या गणित आणि फिजिक्समध्ये प्रत्येकी ५० टक्के लागतातच, आणि ग्रॅज्युएशनला ६० टक्के.

दुसरं पाऊल, आणि हे कोचिंगचे पैसे भरायच्या आधी करायचं, म्हणजे चांगल्या डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन नंबर आणि रंगांची ओळख दोन्ही तपासून घ्या. कलर व्हिजनमध्ये दोष असेल तर तो औषधानं जात नाही, आणि दोन वर्षं क्लास लावून मेडिकलला हे कळलं की पोरगं पार खचतं. फ्लाइंगसाठी उंची किमान १६२.५ सेंमी लागते, शिवाय पायाची लांबी ९९ ते १२० सेंमी, मांडीची ६४ सेंमीपर्यंत आणि बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ सेंमी अशी मापं घेतात, कारण कॉकपिटमध्ये पाय पेडलला पोचले पाहिजेत आणि इजेक्ट होताना, म्हणजे संकटात सीटसकट बाहेर फेकलं जाताना, गुडघे डॅशबोर्डला आपटता कामा नयेत. घरी टेपनं मोजलं तर अंदाज येतो. लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन, करून घ्यायचा विचार असेल तर थांबा, फ्लाइंगचे नियम त्याबाबत कडक आहेत, आधी त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा आणि मगच डोळ्याला हात लावा.

आता प्रवेश कुठून. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला हा लांबचा पल्ला गाठायचाय त्यानं पहिला जीव एनडीएमध्ये, म्हणजे बारावीनंतरच्या नॅशनल डिफेन्स अकॅडमीत, टाकावा. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, गणिताला ३०० आणि जनरल अ‍ॅबिलिटीला ६०० मार्क, मग मुलाखतीचे ९००. निवड झाली की खडकवासल्याला तीन वर्षं आणि नंतर हैदराबादजवळ दुंडिगलची एअर फोर्स अकॅडमी. एनडीएचा फायदा हा की परमनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, मिळतं आणि एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी तुम्ही फ्लाइंग ऑफिसर असता, म्हणजे टेस्ट पायलटचा (विमानं उडवून तपासणाऱ्या पायलटचा) कोर्स, स्टाफ कॉलेज, परदेशातलं पोस्टिंग अशा गोष्टींना हाताशी वर्षं उरतात. मुलींनाही आता हा रस्ता खुला आहे, २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये पहिल्या मुली खडकवासल्याला दाखल झाल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यांची पहिली बॅच बाहेर पडली. आपल्याकडं छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, १९७७ पासूनची, दहावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन तिथं जाता येतं, मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झालीय. गावाकडच्या हुशार मुलाला हे माहीतच नसतं, तेव्हा शाळेतल्या सरांनी दहावीच्या वर्गात हे एकदा तरी सांगावं अशी माझी विनंती आहे.

एनडीए हुकलं म्हणून रडत बसू नका. ग्रॅज्युएशननंतर यूपीएससीचीच सीडीएस परीक्षा आहे, एनसीसी एअर विंगचं सी सर्टिफिकेट असेल तर स्पेशल एंट्री आहे, आणि एएफकॅट तर आहेच. एएफकॅटला १०० प्रश्न, ३०० मार्क, बरोबरला ३ आणि चुकीला वजा १, वय फ्लाइंगला २० ते २४ आणि ग्राउंड ड्युटीला २० ते २६. फक्त एक लक्षात ठेवा, एएफकॅटमधून फ्लाइंगला जाल तर ते शॉर्ट सर्व्हिस असतं, १४ वर्षांचं. १४ वर्षांत उत्तम पायलट होता येतं, पण स्पेस आणि इंटेलिजन्समधली वरची कामं जिथं येतात तिथपर्यंत पोचायला वेळ कमी पडतो. हे आधी माहीत असलं की नंतर वाईट वाटत नाही.

लेखी परीक्षा पास होणारे खूप असतात, गळती होते ती सिलेक्शन बोर्डात. एअर फोर्सची बोर्डं डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी आणि कांचरापाड्याला आहेत. पहिल्या दिवशी बुद्धिमत्तेची चाचणी आणि एक धूसर चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायची आणि मग ग्रुपमध्ये बोलायचं, तिथंच बरेच जण परत फिरतात. पुढे सायकॉलॉजिस्टच्या टेस्ट, त्यात ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, शब्द दिसला की जे पहिलं मनात येतं ते वाक्य लिहायचं. इथं पाठ केलेली वाक्यं लिहू नका. १५ सेकंदांत पाठ केलेलं एक-दोनदा चालतं पण चाळिसाव्या शब्दाला माणूस आपोआप स्वतःसारखा लिहायला लागतो आणि आधीच्या वाक्यांशी ते जुळत नाही, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. इंटरव्ह्यूत घरचं, शाळेचं, मित्रांचं, पेपरातल्या बातम्यांचं सगळं विचारतात, तिथं खरं बोला. मराठी मीडियमच्या मुलांना इंग्रजीची भीती असते, पण बोर्डाला साधं, सरळ, न अडखळता बोललेलं इंग्रजी पुरतं, त्यासाठी रोज अर्धा तास मोठ्यानं पेपर वाचा आणि वाचलेलं कुणाला तरी सांगा.

फ्लाइंगवाल्यांना याशिवाय सीपीएसएस म्हणून कॉम्प्युटरवरची चाचणी असते, इन्स्ट्रुमेंट वाचणं, हात-पाय-डोळे एकाच वेळी चालवणं. ही आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की पायलटचा रस्ता कायमचा बंद, मग एनडीए असो नाहीतर एएफकॅट. म्हणून आजारी असताना, झोप न झालेली असताना, नुसता अनुभव घ्यायला म्हणून जाऊ नका.

ट्रेनिंगबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथं पोचल्यावर सगळं ते लोकच ठरवतात. पहिलं विमान पिलाटस, नंतर तुमच्या मार्कांप्रमाणे आणि गरजेप्रमाणे फायटर, ट्रान्सपोर्ट किंवा हेलिकॉप्टर. फायटरवाले पुढे बीदरला हॉकवर जातात, ट्रान्सपोर्टवाले येलहंकाला, हेलिकॉप्टरवाले हकीमपेटला. फायटर नाही मिळालं म्हणून तोंड पाडणारी मुलं बघितली की वाईट वाटतं, कारण आपल्या स्पेस प्रोग्रामला ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टरच्या लोकांनीही मोठा हातभार लावलाय.

हे जरा सविस्तर सांगतो कारण कुणी सांगत नाही. स्पेस सपोर्ट म्हणजे फक्त अंतराळवीर नव्हे. गगनयान ही इस्रोची माणसं अंतराळात न्यायची मोहीम, तिचा क्रू मॉड्यूल, म्हणजे अंतराळवीर बसतात ती कुपी, परत येताना मोठी पॅराशूट उघडतात, ती उघडतात की नाही हे आधी तपासावं लागतं, त्यासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये झाशीजवळ बबिनाच्या रेंजवर एअर फोर्सच्या आयएल-७६ विमानानं ५ टनांचं डमी वजन अडीच किलोमीटर उंचीवरून खाली सोडलं. एप्रिल २०२३ मध्ये चित्रदुर्गला इस्रोचं पंखवालं रियुजेबल यान चिनूक हेलिकॉप्टरला खाली टांगून साडेचार किलोमीटर वर नेलं आणि तिथून सोडलं, ते स्वतःहून रनवेवर उतरलं. ऑगस्ट २०२५ मध्ये परत चिनूकनंच क्रू मॉड्यूलसारखं साधारण ४.८ टनांचं ओझं समुद्रावर सोडून पॅराशूटची आख्खी साखळी तपासली. आता विचार करा, हेलिकॉप्टरखाली पंख असलेली वस्तू टांगलीय, वारा तिला झोके देतोय आणि ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या वेगानं, ठरलेल्या दिशेला तोंड करून ती सोडायचीय. त्या पायलटला वर्षानुवर्षं डोंगरात तोफा आणि जड सामान खाली टांगून नेण्याचा अनुभव असतो म्हणून ते जमतं. समुद्रातून मॉड्यूल उचलायचं काम नेव्हीकडे, त्याची तयारी कोचीच्या वॉटर सर्व्हायव्हल सेंटरमध्ये होते. अंतराळवीरांची मेडिकल निवड आणि बरंचसं ट्रेनिंग बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये, म्हणजे एअर फोर्सच्या डॉक्टरांकडे. तेव्हा एमबीबीएस करणाऱ्या मुलांनाही इथं जागा आहे.

प्रत्यक्ष अंतराळात जायचं असेल तर आतापर्यंतचा रस्ता एकच दिसतो, टेस्ट पायलट. राकेश शर्मा टेस्ट पायलट होते, १९७१ च्या युद्धात मिग-२१ उडवून आलेले, ३ एप्रिल १९८४ ला सोयूझमधून गेले. गगनयानसाठी निवडलेले चौघे, प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुक्ला, चौघेही टेस्ट पायलट. टेस्ट पायलट व्हायचं तर आधी स्क्वाड्रनमध्ये भरपूर तास, वेगवेगळी विमानं, स्वच्छ रेकॉर्ड आणि मग बंगळुरूच्या टेस्ट पायलट स्कूलची निवड. तिथं गणित परत येतं बरं का, विमान असं का वागलं हे आकड्यांत लिहून द्यावं लागतं, नुसतं छान उडतं किंवा जड वाटतं असं म्हणून चालत नाही. शुक्लांनी बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेतून एरोस्पेसमध्ये एमटेक केलंय. आणि इंजिनिअर लोकांनी हेही लक्षात घ्या की त्याच स्कूलमध्ये फ्लाइट टेस्ट इंजिनिअरही तयार होतात, टेक्निकल ब्रँचमधून तिकडं जाता येतं.

स्पेसचं तिसरं अंग म्हणजे डिफेन्स स्पेस एजन्सी, २०१९ ची, बंगळुरूला, तिन्ही दलांची मिळून. त्याच वर्षी २७ मार्चला मिशन शक्तीत आपण आपलाच उपग्रह पाडून दाखवला होता. एअर फोर्ससाठी जीसॅट-७ए हा कम्युनिकेशनचा उपग्रह डिसेंबर २०१८ मध्ये गेला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं टेहळणीच्या ५२ उपग्रहांच्या प्रोग्रामला मंजुरी दिली. ५२ उपग्रह म्हणजे रोज किती फोटो येणार, ते बघणार कोण? इथून गाडी सरळ इंटेलिजन्समध्ये शिरते.

इंटेलिजन्सबद्दल लोकांच्या डोक्यात वेषांतर आणि पाठलाग असतं. एअर फोर्सच्या ऑफिसरचं काम बहुतेक टेबलावरचं आणि आकाशातलं. कारगिलच्या वेळी २१ मे १९९९ ला स्क्वाड्रन लीडर पेरुमल आणि नेव्हिगेटर झा जुन्या कॅनबेरा विमानातून डोंगरांचे फोटो काढत होते, क्षेपणास्त्र येऊन इंजिनावर आदळलं, तरी त्यांनी विमान परत आणून उतरवलं. बॉम्ब टाकायला नाही, फोटो काढायला गेले होते, आणि खाली बसलेल्यांकडं क्षेपणास्त्रं आहेत हे त्यातूनच ठळकपणे समजलं. अशा मोहिमांचा जीव फोटोत असतो, आणि फोटो वाचणारा माणूस नसेल तर त्या उड्डाणाचा उपयोग काय.

फोटो वाचणं म्हणजे काय ते एकदा जवळून बघा. वरून काढलेल्या फोटोत उंची दिसत नाही, पण सावली दिसते. फोटोची वेळ आणि ठिकाण माहीत असेल तर सूर्य आकाशात किती वर होता ते काढता येतं, आणि मग सावलीच्या लांबीवरून वस्तूची उंची निघते. मग कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवायचा. शेडचं दार बंद आहे, आत काय ते कळत नाही, पण दारापर्यंत नव्या चाकांच्या खुणा आल्यात आणि त्यांच्यातलं अंतर ट्रकपेक्षा जास्त आहे. कुंपण कालपर्यंत एकपदरी होतं आज दुपदरी आहे. ढग असतील किंवा रात्र असेल तर साधा कॅमेरा आंधळा होतो, तिथं रडारवाले उपग्रह लागतात, त्यांची इमेज करडी आणि दाणेदार असते, ती वाचायला वेगळी नजर तयार करावी लागते. शिवाय सिग्नलचं काम वेगळं, १ एप्रिल २०१९ ला गेलेला एमिसॅट खालच्या रडारांच्या लहरी टिपतो, कुठलं रडार कुठं आणि कधी चालू झालं हे त्यातून समजतं. आणि शेवटी रिपोर्ट लिहायचा, त्यात नक्की काय दिसलं, त्यावरून काय वाटतं आणि खात्री किती हे तिन्ही वेगवेगळं लिहायचं. दिसलं आणि वाटलं यांची सरमिसळ झाली की पुढे माणसं मरतात, इतकं ते गंभीर आहे.

आता या कामात शिरायचं कसं. पूर्वी पायलट, नेव्हिगेटर, फायटर कंट्रोलर (जमिनीवरून रडारवर बघून विमानांना दिशा देणारे) असे लोक काही वर्षांनी पोस्टिंगवर इंटेलिजन्समध्ये जायचे, ते आजही चालू आहे. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये वेपन सिस्टिम्स नावाची नवी ब्रँच जाहीर झाली, स्वातंत्र्यानंतरची पहिली नवी ऑपरेशनल ब्रँच, तिचं स्कूल हैदराबादच्या बेगमपेटला जुलै २०२४ मध्ये सुरू झालं. त्यात चार वाटा आहेत, सुखोई-३० किंवा सी-१३०जे सारख्या विमानात मागे बसून शस्त्रं आणि सेन्सर चालवणं, ड्रोन चालवणं, जमिनीवरची क्षेपणास्त्रं, आणि चौथी इंटेलिजन्स, ज्यात इमेज अ‍ॅनालिस्ट, सिग्नलवाले आणि स्पेसमधल्या यंत्रणा चालवणारे येतात. म्हणजे सुरुवातीला म्हणालो ते फ्लाइंग, स्पेस आणि इंटेलिजन्स हे तिन्ही एका ब्रँचखाली जवळ यायला लागलेत. एएफकॅटच्या जाहिरातीत ग्राउंड ड्युटी नॉन टेक्निकलमध्ये ही ब्रँच शोधा, पसंतीक्रम देताना मुलं तिच्याकडं बघतही नाहीत आणि माझ्या मते पुढच्या वीस वर्षांत सगळ्यात जास्त काम तिथंच असणार आहे. फायटर कंट्रोलरलाही कमी समजू नका, २७ फेब्रुवारी २०१९ च्या पाकिस्तानबरोबरच्या हवाई चकमकीत रडारसमोर बसून आपल्या पायलटांना दिशा देणाऱ्या मिंटी अगरवाल यांना युद्ध सेवा मेडल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

एअर फोर्सच कशाला, नेव्हीचा एअर ऑपरेशन्स ऑफिसर, ज्याला पूर्वी ऑब्झर्व्हर म्हणायचे, तो पी-८आय विमानात बसून पाणबुड्या शोधतो, म्हणजे उडणं आणि टेहळणी पहिल्या दिवसापासून एकत्र. आर्मीत इंटेलिजन्स कोअर वेगळी आहे आणि तिचं ट्रेनिंग स्कूल आपल्या पुण्यात, आर्मी एव्हिएशनचं स्कूल नाशिकला. वरच्या पातळीवर २००२ मध्ये कारगिलनंतर झालेली डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी आहे, तिथं तिन्ही दलांचे लोक पोस्टिंगवर येतात.

कॉलेजात असताना काय करता येईल? इस्रोच्या आयआयआरएस या डेहराडूनच्या संस्थेचे रिमोट सेन्सिंगचे ऑनलाइन कोर्स असतात, फुकट, ते करा. इस्रोचं भुवन पोर्टल उघडा, युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या इमेज फुकट मिळतात, १० मीटर रिझोल्यूशनच्या, दर पाच दिवसांनी नवी. एखादं धरण घ्या, एखादा हायवे घ्या, वर्षभराच्या इमेज लावून काय बदललं ते एका पानात लिहायचा सराव करा. मात्र आपल्या लष्करी जागांच्या इमेज शोधून त्यावर खुणा करून सोशल मीडियावर टाकायचा नाद अजिबात नको, त्यातून तुमचं नुकसान होईलच आणि दुसऱ्या कुणाचं तरी जास्त होईल. एखादी परदेशी भाषा शिका, चिनी जमली तर सोनं.

ऑफिसर झाल्यावरही मोबाइलवरची शिस्त हाच या करिअरचा कणा आहे. अनोळखी प्रोफाइलशी गप्पा, युनिफॉर्ममधला फोटो लोकेशनसकट, मित्रांच्या ग्रुपवर पुढच्या आठवड्यात कुठं चाललोय ते सांगणं, यातलं काहीही एकदा झालं की संवेदनशील जागी पोस्टिंग मिळणं अवघड. घरच्यांनाही हे समजावून ठेवा, आईला अभिमान असतो, ती चार जणींना सांगणारच.

पैशाचं विचाराल तर फ्लाइंग ऑफिसरचं बेसिक ५६,१००, त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, फ्लाइंगवाल्यांना फ्लाइंग अलाउन्स वेगळा, शिवाय डीए वगैरे. प्रमोशन स्क्वाड्रन लीडरला ६ वर्षं, विंग कमांडरला १३ वर्षं, त्यापुढे ग्रुप कॅप्टनला निवड होते आणि तिथं सगळ्यांना जागा नसते. त्या निवडीच्या आधीच्या वर्षांत वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज झालेलं असणं फार उपयोगी पडतं, त्याची परीक्षा असते, तिचा अभ्यास स्क्वाड्रन लीडर असतानाच रात्री बसून करावा लागतो. बदल्या दर दोन-तीन वर्षांनी, मुलांच्या शाळा बदलणार, जोडीदाराची नोकरी अडकणार, हे लग्नाआधी मोकळेपणानं बोलून घ्या.

आणि तारखा. एनडीएच्या पहिल्या परीक्षेची जाहिरात डिसेंबरच्या सुमारास येते आणि परीक्षा एप्रिलच्या आसपास, दुसरीची मे-जूनला आणि परीक्षा सप्टेंबरच्या आसपास. एएफकॅटचे फॉर्म डिसेंबर आणि जूनच्या आसपास निघतात. फॉर्म भरताना नाव आणि जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तशीच्या तशी टाका, आधार कार्डावर वेगळी असेल तर आधार आजच दुरुस्तीला टाका, कारण डॉक्युमेंट तपासणीत याच कारणानं मुलं अडकतात.